सॅकरिन: न धुतलेल्या हातांची गोडी

सॅकरिन मधुमेहींसाठी शोधलं गेलं, अशी अनेकांची समजूत आहे. प्रत्यक्षात ते शोधायला कुणी निघालंच नव्हतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठात, इरा रेम्सन यांच्या प्रयोगशाळेत कॉन्स्टँटिन फालबर्ग दगडी कोळशाच्या डांबरातल्या रसायनांवर काम करत होते. एकदा कामाच्या नादात जेवायची वेळ टळली आणि ते हात न धुताच जेवायला बसले. पाव तोंडात टाकला, तर गोड! चूळ भरून मिशा पुसल्या, तर हातरुमाल त्याहून गोड. पेल्याला जिथे बोटं लागली होती तिथून पाणी प्यायले, तेही पाकासारखं. मग अंगठा चाटला आणि उलगडा झाला. जेवण तसंच टाकून ते प्रयोगशाळेत धावले आणि टेबलावरचं एकेक भांडं चाखत सुटले. त्यात एखादं विष असतं तर? वाचताना आजही अंगावर काटा येतो.

1879 मध्ये रेम्सन आणि फालबर्ग या दोघांच्या नावाने निबंध आला. पुढे पेटंट मात्र फालबर्ग यांनी एकट्याने घेतलं. रेम्सन यांच्या मनातली ती सल कधी गेली नाही.

‘डांबरातून आलं, म्हणजे विषच’ हा दुसरा समज. पदार्थ कशापासून बनला यावरून तो घातक ठरत नाही. सॅकरिन साखरेच्या सुमारे 300 पट गोड. शरीरात ते मोडत नाही, जसंच्या तसं लघवीवाटे निघून जातं.

कर्करोगाची भीती मात्र हवेतून आलेली नाही. भरपूर सॅकरिन खाऊ घातलेल्या उंदरांच्या मूत्राशयात गाठी आढळल्या, म्हणून 1977 मध्ये कॅनडाने बंदी आणली आणि अमेरिकेत पाकिटांवर इशारा छापणं सक्तीचं झालं. पुढे कळलं, की एवढ्या मोठ्या मात्रेत उंदरांच्या लघवीत बारीक स्फटिक साचून मूत्राशयाच्या अस्तराला इजा होते. माणसाच्या लघवीची घडण वेगळी आहे. 2000 साली अमेरिकेने कर्करोगाच्या संशयितांच्या यादीतून सॅकरिन काढलं.

मला खरी काळजी वाटते ती ‘शुगर-फ्री’ या शब्दाची. दिवाळीत माझ्या मावशीने त्या भरवशावर चार पेढे खाल्ले आणि रात्री साखर चढली. चूक गोडी आणणाऱ्या पुडीची नव्हती. खव्यात दुधाची स्वतःची साखर आटून दाट झालेली असते, आणि ती डब्यावरच्या दोन शब्दांनी कमी होत नाही.