कपाशीच्या हंगामातला अटकणारा फोन

यवतमाळ जिल्ह्यात मोबाईल आता शेतीच्या अवजारांत जमा झाला आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून पीक पाहणी ज्याची त्याने करायची: शेतात उभं राहायचं, पिकाचा फोटो काढायचा, नोंद सातबाऱ्यावर चढवायची. 2025च्या सप्टेंबरपासून भारतीय कापूस महामंडळाला (सीसीआय) हमीभावाने कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आली. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. कळंब-राळेगावकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला तो भाव मिळण्याची वाट आता त्याच्या खिशातल्या जुन्या, तडा गेलेल्या फोनमधून जाते. आणि तो फोन नेमका कामाच्या वेळी अटकतो.

म्हणून या दिवसांत मी यवतमाळच्या दत्त चौकाजवळच्या एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात मुद्दाम जाऊन बसलो. दुकान चालवणारा तिशीतला पोरगा बोलतो कमी, विचारतो जास्त. समोर आलेले साठीचे गृहस्थ फोन काउंटरवर ठेवत म्हणाले, “भाऊ, लय अटकून राह्यला हा. ओटीपी पाहाले गेलो का ॲप पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. नवाच घ्या लागते का?”

“थांबा काकाजी, पहिले पाहू तं द्या.”

ही ओटीपीची तक्रार फार नेमकी होती. दोन जीबी रॅमच्या फोनमध्ये अँड्रॉइड एका वेळी मोजकीच ॲप जागी ठेवू शकतं. मेसेज वाचायला म्हणून बाहेर पडलं की मागचं ॲप अँड्रॉइड मारून टाकतं. परत यावं तर नाव, आधार, गट नंबर सगळं पुन्हा भरा. भरेपर्यंत ओटीपीची वेळ संपलेली. माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. त्यात त्याचा काडीचाही दोष नसतो.

मला वाटलं होतं, आता तो एखादं सॉफ्टवेअर टाकेल. त्याने काहीच टाकलं नाही. सेटिंगमध्ये जाऊन आधी स्टोअरेज उघडलं. 32 जीबीपैकी साडेएकतीस भरलेली. “हे पाहा, रोग हा आहे,” एवढंच म्हणाला.

फोन भरला की हळू का होतो, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. फोनची साठवण फ्लॅश मेमरीवर असते. तिच्यात लिहिलेल्या जागेवर थेट दुसरं लिहिता येत नाही, आधी पुसावं लागतं. पुसणंही ओळीओळीने होत नाही, एक अख्खा ठोकळाच पुसला जातो. त्या ठोकळ्यात काही कामाचं असलं तर ते आधी दुसऱ्या मोकळ्या जागी हलवायचं, मग पुसायचं, मग नवं लिहायचं. दिवाळीनंतर जिनिंगचं आवार गाड्यांनी गच्च भरलं की एक गाडी काट्यावर घ्यायला चार गाड्या मागे-पुढे घ्याव्या लागतात, तशी गत होते. फोन साधा फोटो जतन करायचा म्हटला तरी आत ही हलवाहलव चालते आणि बाहेर बोट दाबूनही पडदा हलत नाही. स्वस्त फोनमधली मेमरी मुळातच संथ जातीची असते, त्यामुळे तिथे हे जास्त जाणवतं.

जागा करायची म्हणजे पुसायचं, आणि खरं कसब इथे आहे. त्याने व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधलं ‘मॅनेज स्टोअरेज’ उघडलं. अनेकदा फॉरवर्ड झालेले व्हिडिओ एकीकडे, पाच एमबीपेक्षा मोठ्या फाइली दुसरीकडे, अशी वर्गवारी तिथे तयारच असते. सुप्रभात, शुभ रात्री, कीर्तनाचे तुकडे, निवडणुकीतली भाषणं. मग फाइल मॅनेजरमध्ये जाऊन व्हॉट्सॲपचं ‘सेंट’ फोल्डर उघडलं. आपण दुसऱ्याला पाठवलेल्या फोटो-व्हिडिओची आणखी एक प्रत फोन तिथे राखून ठेवतो, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. काकाजींनाही नव्हतं.

सरसकट सगळं निवडून डिलीट मारणं दोन मिनिटांचं काम. त्याने ते केलं नाही. फोटो सरकवता सरकवता एके ठिकाणी थांबला. पाण्यात उभी कपाशी, खरडून गेलेला धुरा, बोटाएवढी झाडं आडवी पडलेली.

“याचं काय करू, काकाजी?”

“राहू दे बाप्पा! पंचनाम्याचे होत ते. लागतीन.”

अतिवृष्टीच्या नुकसानीचे ते फोटो गुड मॉर्निंगच्या गुलाबांमध्ये मिसळून गेले होते. त्यांच्याच पुढे-मागे सातबाऱ्याचा फोटो, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, खताच्या दुकानाचं बिल, नातवाचं बारसं. शेतकऱ्याची कागदपत्रांची पेटी आता ही गॅलरी झाली आहे, आणि पेटी साफ करताना मालकाला विचारायलाच हवं. त्याने कामाचे फोटो आधी मेमरी कार्डवर घेतले, ते तिथे उघडून पाहिले, मगच बाकीचं पुसलं. शेवटी गॅलरीतला ट्रॅशही रिकामा केला, कारण पुसलेले फोटो महिनाभर किंवा त्याहून जास्त तिथेच पडून असतात आणि तोवर जागा सुटत नाही. नऊ जीबी मोकळी झाली. पाचवा हिस्सा तरी रिकामा ठेवा, हा त्याचा ठोकताळा. व्हॉट्सॲपवर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणंही त्याने बंद करून दिलं. ते केलं नाही तर दोन महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न.

मग ॲप. ‘फोन फास्ट करा’, ‘रॅम साफ करा’ म्हणणारी दोन ॲप त्या फोनमध्ये आधीच होती. दर थोड्या वेळाने पडदाभर जाहिरात दाखवायची आणि स्वतः मागे चालू राहून रॅम खायची, एवढंच त्यांचं काम. नेमका गुन्हेगार कोण हे ठरवायला त्याने फोन सेफ मोडमध्ये सुरू केला. त्या मोडमध्ये आपण टाकलेली ॲप बंद राहतात. तिथे फोन सुरळीत चालला, म्हणजे फोन चांगला आणि बिघाड ॲपचा. दोन्ही ॲप काढून टाकली. बहुतेक ॲपचा कॅशे पुसला. कॅशे म्हणजे पुन्हा तयार होऊ शकणारा माल, तो गेला तरी नुकसान नाही. त्याच्याच शेजारी ‘क्लिअर डेटा’ असतं, तिथे मात्र बोट लागू द्यायचं नाही. लॉगिन जातं, न पाठवलेली नोंदही जाते. चालू ॲप सारखी वर सरकवून बंद करायची अनेकांना सवय असते, तिचाही उपयोग नाही. तेच ॲप पुन्हा पहिल्यापासून उघडताना जास्त ताकद लागते.

डेव्हलपर ऑप्शनमधून ॲनिमेशन अर्ध्यावर आणता येतं. त्याने फोन चपळ वाटतो, प्रत्यक्षात फार फरक पडत नाही. ‘व्हर्च्युअल रॅम’चंही तसंच: संथ साठवणीलाच रॅमचं काम सांगायचं, तर ती किती धावणार?

उन्हाचं मात्र सांगायला हवं. पारा 44-45 अंशांवर गेला की फोन तापतो आणि तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो. भर दुपारी शेतात अटकणारा फोन झाडाखाली, कव्हर काढून, चार्जिंगवर न लावता थोडा वेळ ठेवला तर बराच सुधारतो. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नये, आत पाणी धरतं. मी बसलो असतानाच एका बाईंचा फोन दुरुस्तीला आला. पाठ उचललेली, कडेला फट पडलेली. बॅटरी फुगली होती. त्याने तो चालूच केला नाही. “मावशी, हे दाबू नका, चार्जिंगले तं लावूच नका. बॅटरी बदलू, मग पाहू.” थकलेली बॅटरी जोर लागल्यावर पुरेसा दाब देऊ शकत नाही, म्हणून काही फोन वेगच कमी करतात. आपण जुन्या आयफोनच्या बाबतीत असं करतो, हे ॲपलने डिसेंबर 2017 मध्ये मान्य केलं होतं. कित्येक हळू फोनना नव्या फोनची नाही, नव्या बॅटरीची गरज असते.

फॅक्टरी रिसेट हा त्याचा शेवटचा उपाय, आणि त्याआधी तो एकच प्रश्न विचारतो: गुगलचा पासवर्ड कोणाकडे आहे? खेड्यातल्या पुष्कळ फोनमध्ये खातं विकणाऱ्याने किंवा भाच्याने उघडून दिलेलं असतं. रिसेटनंतर फोन तेच खातं मागू शकतो. पासवर्ड नसेल तर हातातला फोन कुलूपबंद.

एवढं करूनही एक मर्यादा राहते, आणि ती दुकानात सुटत नाही. 2021च्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने 2019 मध्ये दिलेले फोन कार्यालयांत नेऊन परत केले. दोन जीबी रॅमचे ते फोन तापायचे, अटकायचे, पोषण ट्रॅकर हे ॲप त्यांच्यावर धड चालायचं नाही. सेविका किती काळजीने फोन वापरत होत्या याचा तिथे प्रश्नच नव्हता. यंत्र लहान आणि त्याच्यावर लादलेलं ओझं मोठं, एवढी ती सरळ गोष्ट होती. सरकारी ॲप बनवणाऱ्यांनी ते आधी दोन जीबीच्या, चार वर्षं जुन्या फोनवर, झरी-जामणीतल्या एखाद्या पोडावर (आदिवासी वस्तीवर), नेटवर्कची एकच काडी असताना चालवून पाहावं. ओटीपी वाचून आलेल्या माणसाला त्याच पानावर परत आणता येत नसेल, तर ते ॲप शेतकऱ्यांसाठी तयार झालेलं नाही.

तोवर आपल्या हातात आहे ते करू या. पीक पाहणीची मुदत ऑगस्ट-सप्टेंबरात येते, कापसाची नोंदणी त्याच्या पाठोपाठ. जुलैतच एका संध्याकाळी घरातल्या पोरीला किंवा पोराला शेजारी बसवा, कागदांचे आणि नुकसानीचे फोटो आधी मेमरी कार्डवर काढून घ्या, गुगलचा पासवर्ड वहीत लिहून ठेवा आणि मग फोन रिकामा करा.