सेटर-संघर्ष, जावा भाषेतील
जेसन मजकुरापासून जावा भाषेतील वस्तूची पुनर्रचना करीत असता एकाच गुणधर्मासाठी एकाच नावाच्या, परंतु भिन्न प्रकारचे प्रचल घेणाऱ्या दोन वा अधिक सेटर पद्धती आढळल्यास कोणती वापरावयाची याविषयी निर्माण होणारी संदिग्धता. गुणधर्माला मूल्य देणाऱ्या पद्धतीस सेटर म्हणतात. तिचे नाव ‘सेट’ या शब्दाने सुरू करण्याचा संकेत १९९७ मधील जावाबीन्स विनिर्देशात आढळतो.

एका नावाच्या अनेक पद्धती असणे (अतिभारण) हा जावामध्ये दोष नव्हे. दिलेल्या प्रचलाचा घोषित प्रकार पाहून कंपायलर योग्य पद्धत आधीच निश्चित करतो. पुनर्रचनेत मात्र असे बोलावणे कार्यक्रमात लिहिलेलेच नसते. शिवाय जेसनमधील मूल्यांचे प्रकार मोजके असतात : वस्तू, सूची, शब्दमाला, संख्या, सत्य, असत्य व नल. दिनांकास स्वतंत्र प्रकार नाही. तो शब्दमालेच्या रूपाने येतो, तसाच संख्येच्या रूपानेही.

जॅक्सन ही प्रचलित लायब्ररी सेटरची निवड वर्गाची छाननी करतानाच करून ठेवते. येणारे मूल्य पाहून ती बदलत नाही. उपवर्गातील सेटरला मूळ वर्गातील सेटरहून अग्रक्रम मिळतो. दोन्ही एकाच वर्गात असल्यास २·७ या आवृत्तीपासून मूलभूत प्रकाराचा (उदा., लाँग) प्रचल घेणारा सेटर प्रथम व त्याखालोखाल शब्दमाला घेणारा सेटर पसंत केला जातो. एवढ्यानेही निर्णय न झाल्यास, उदा., एक सेटर डेट व दुसरा लोकलडेट घेत असल्यास, परस्परविरोधी सेटर असल्याचा दोषसंदेश येऊन काम थांबते. हा दोष त्रासदायक खरा, पण प्रामाणिक होय. मूक निवड अधिक फसवी असते : लाँग आणि डेट यांपैकी लाँग निवडला गेला, की ‘२०२४-०१-१५’ अशा मजकुरावर वाचन अडते, सर्व नमुने संख्यारूप असतील, तर चाचणीत याचा पत्ताही लागत नाही.

इष्ट सेटरवर जेसनसेटर अथवा जेसनप्रॉपर्टी ही टीप लावणे हा सरळ उपाय होय. नको असलेल्या सेटरवर केवळ जेसनइग्नोर लावण्याचा मोह मात्र टाळावा. त्या गुणधर्माच्या दुसऱ्या एखाद्या घटकावर स्पष्ट टीप नसेल, तर संपूर्ण गुणधर्मच वगळला जातो व मूल्य गुपचूप हरवते. वर्ग परक्या लायब्ररीतील असल्यास मिक्सइनद्वारे बाहेरून टीप जोडता येते. दोन्ही रूपे खरोखरच स्वीकारावयाची असल्यास त्या गुणधर्मासाठी स्वतंत्र वाचक वर्ग लिहावा लागतो. अन्यथा दुसऱ्या पद्धतीचे नाव बदलणे सर्वांत सोपे.

जीसन ही लायब्ररी सेटरऐवजी थेट क्षेत्रांत मूल्ये भरते. त्यामुळे तीत हा संघर्ष उद्‌भवत नाही. तथापि सेटरमध्ये लिहिलेली मूल्यतपासणीही त्या वेळी होत नाही.