नावेचें जुनें यंत्र कां गुदमरतें?



समुद्र ज्याच्या आसपास कोठेंच नाहीं अशा ढाणकी गांवच्या माणसानें नावेच्या मोटरीविषयीं बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. परंतु आमच्या उमरखेड तालुक्याच्या कडेनें पैनगंगा वाहते, आणि पावसाळ्यांतलें तिचें रूप ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना हें नवल वाटणार नाहीं. २०२३ सालच्या जुलै महिन्यांत शेजारच्या महागाव तालुक्यांतील आनंदनगर पुरानें वेढलें गेलें, तेव्हां तेथील लोकांच्या सुटकेसाठीं वायुदलाचीं हेलिकॉप्टरें मागवावीं लागलीं. हेलिकॉप्टर येईपर्यंतचा काळ आणि जेथें तें येऊं शकत नाहीं अशीं ठिकाणें, या दोहोंचा भार नावेवर पडतो. अशी नाव वर्षांतले दहा-अकरा महिने छपराखालीं पडून असते, आणि पुराच्या दिवशीं मात्र तिचें यंत्र एका ओढीसरशी चालू व्हावें, अशी आपली अपेक्षा असते. तें तसें होत नाहीं, याचें कारण बहुधा पेल्याहूनहि लहान अशा एका वाटींत दडलेलें असतें. त्या वाटीविषयीं आज थोडें सांगावयाचें आहे.

ही मोटर नावेच्या मागील फळीवर टांगण्याची. तिला आउटबोर्ड मोटर म्हणतात. इंजिन, दांडा व पंखा हें सारें एकत्र जोडलेलें असल्यामुळें ती उचलून कोणत्याहि होडीला लावतां येते. नॉर्वेंत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड या अमेरिकन कारागिरानें १९०९ सालीं अशी मोटर विक्रीस आणली. तत्पूर्वींहि असे प्रयत्न झाले होते, पण लोकांत रुळली ती हीच. जुन्या मोटरी बहुतेक दोन-स्ट्रोकच्या. त्यांत पेट्रोलमध्येंच तेल मिसळून देतात. पेट्रोल आणि हवा यांची मिसळ कार्बोरेटरमध्यें होते. वजनानें एक भाग पेट्रोलला सुमारें पंधरा भाग हवा लागते. पेट्रोल फार झालें कीं यंत्र गुदमरतें. कमी पडलें कीं धापा टाकतें.

कार्बोरेटर समजण्यास घरावरची पाण्याची टाकी पुरे. तींत एक तरता गोळा असतो. पाणी चढलें कीं गोळा वर येतो आणि नळाचें तोंड मिटतें. कार्बोरेटरच्या तळच्या वाटींत हेंच लहान प्रमाणांत घडतें. तेथें फ्लोट तरतो, आणि त्याच्या हालचालीनें एक टोकदार सुई पेट्रोलच्या वाटेवर बसते किंवा उठते. वाटीवरून हवेची नळी जाते, ती मध्येंच अरुंद केलेली असते. अरुंद जागीं प्रवाहाचा वेग वाढतो व दाब उतरतो, हें इटलींतील पंडित व्हेंचुरी यानें १७९७ सालीं मांडलें. त्या उतरलेल्या दाबामुळें पेट्रोल बारीक छिद्रांतून, म्हणजे जेटमधून, फवाऱ्यासारखें वर ओढलें जातें. फ्लोटची वाटी आणि हा फवारा यांची जोडी विल्हेल्म मायबाख या जर्मन यंत्रज्ञानें १८९३ सालीं जमविली.

टाकी ओसंडते केव्हां? नळाचें तोंड मिटलें नाहीं म्हणजे. कार्बोरेटरचेंहि तसेंच. सुईखालीं कचऱ्याचा एक कण अडकला, किंवा तिचें टोक झिजलें, तरी पेट्रोल थांबत नाहीं. कधीं दोष माणसाच्या हाताचा असतो. पेट्रोलच्या नळींत एक रबरी फुगा असतो. तो दाबून वाटी भरावयाची. फुगा कडक लागला कीं थांबावें. पुढेंहि दाबीत राहिल्यास पेट्रोल सुईला जबरीनें उचलतें. तसेंच टाकीच्या झांकणावरील हवेचा स्क्रू बंद ठेवून टाकी उन्हांत राहूं दिली, तर आंतील वाफेचा दाब हेंच काम करतो.

परंतु जुन्या मोटरींत सर्वांत फसवा दोष फ्लोटचा. कित्येक जुने फ्लोट बुचाच्या लाकडाचे असत, आणि पेट्रोल मुरूं नये म्हणून त्यांवर चपड्याचा लेप दिलेला असे. आतां सुताराला विचारा: पॉलिश करतांना तो चपडा कशांत विरघळवितो? स्पिरिटमध्यें. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्यें वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, आणि इथेनॉल हें स्पिरिटच होय. तें लेप खातें, बूच पेट्रोल पितें, जड होतें व बुडतें. मग सुई मिटावी कशी? पितळी फ्लोटला हें भय नाहीं, पण त्याला बारीक भोंक पडतें. तो कानाशीं हलवावा. आंत खळखळ ऐकूं आली तर निदान झालें.

पेट्रोल एकदां ओसंडलें कीं माणूस घाबरून दोरी ओढीत सुटतो, आणि प्रत्येक ओढीबरोबर आणखी पेट्रोल आंत जातें. प्रथम पेट्रोलची नळी काढावी. चोक उघडा ठेवावा, थ्रॉटल पूर्ण उघडावा. सांडलेलें पेट्रोल पुसून वाफ उडून जाऊं द्यावी. जवळपास बिडी-काडी नको. प्लग काढून कोरडे करावे, त्यांच्या तारा इंजिनच्या धातूला टेकवाव्या, म्हणजे ठिणगी उडणार नाहीं. मग दहा-बारा वेळां दोरी ओढावी, म्हणजे आंतील ओल बाहेर पडते.

दुसरी तक्रार अशी कीं, यंत्र वेगांत उत्तम चालतें, पण चाल मंद करतांच अडखळतें व बंद पडतें. पुराच्या पाण्यांत झाडाला किंवा घराच्या छपराला नाव हळूच टेकवावयाची असते; तेथेंच यंत्र बंद पडलें तर नाव प्रवाहाच्या स्वाधीन होते. मंद चालीसाठीं पेट्रोलची वाट निराळी व केसासारखी बारीक असते. पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर तेथेंच प्रथम बसतो. ती वाट कार्बोरेटर-क्लीनरनें धुवून हवेच्या फुंकरीनें मोकळी करावी. तार खुपसूं नये, छिद्र मोठें होतें. तसेंच प्लगच्या तारा एकेक काढून दोन्ही सिलिंडर काम करतात ना, हें पाहावें. ठिणगीचा अपराध पुष्कळदां कार्बोरेटरच्या माथीं मारला जातो.

हें सारें झाल्यावरच स्क्रूला हात लावावा. एका चांचणीच्या वेळीं मीं पाहिलें आहे: मंद चालीचा स्क्रू फिरवितां फिरवितां अर्धा दिवस गेला, आणि शेवटीं वाटी उघडली तों फ्लोट तळाशीं बसलेला! स्क्रू अलगद आंत टेकवावा, आवळूं नये, नाहीं तर त्याच्या टोकाला खांच पडते. मग बहुतेक मोटरींत एक ते दीड फेरा बाहेर काढावा. यंत्र पाण्यांत, गिअरमध्यें, तापलेलें असतां एक अष्टमांश फेऱ्यानें बदल करावा व प्रत्येक वेळीं थोडें थांबावें. यंत्र ठसका देऊं लागलें तर पेट्रोल कमी. जड होऊन धूर सोडूं लागलें तर जास्त. ठसक्याच्या किंचित् अलीकडे, पेट्रोलच्या बाजूला, स्क्रू सोडावा. मोटर कोरडी मात्र कधींच चालवूं नये. तिला थंड ठेवणाऱ्या पंपाचा रबरी पंखा क्षणांत जळतो.

आणि मुख्य गोष्ट ही कीं, मोटर ठेवतांना वाटी रिकामी करावी. इथेनॉल हवेंतील ओल शोषतें. ओल फार झाली कीं पाणी व इथेनॉल तळाशीं वेगळें होऊन बसतें, आणि नळी पेट्रोल ओढते ती तळांतूनच. म्हणून मे महिन्यांत ताजें पेट्रोल भरून, पिंपांत पाणी घेऊन, मोटर एकदां चालवून पाहावी. त्या दिवशीं ती चालू झाली नाहीं तर कपाळाला आठी पडेल, एवढेंच. जुलैंत चालू झाली नाहीं, तर छपरावर बसलेला कोणीतरी नावेची वाट पाहत राहील.