रसायनीत शीतयुद्ध कोण जिंकलं?

बुधवारी, ३० जुलै २०२५ रोजी ‘निसार’ उपग्रह उडाला आणि भारत-अमेरिका मैत्रीच्या कौतुकाने रकाने भरून वाहिले. नासाचं रडार, इस्रोचा जीएसएलव्ही! या जल्लोषात दोन गोष्टी राहूनच गेल्या. याच अग्निबाणाच्या वाटेत एकेकाळी अमेरिका आडवी आली होती. आणि त्याच्या विकास इंजिनांना लागणारं रसायन खालापूर तालुक्यातल्या रसायनीचं जुनं उत्पादन आहे.

शीतयुद्ध, बर्लिनची भिंत वगैरे शाळेत झालंच आहे. आपल्याकडे समाजवाद की भांडवलशाही हा वाद उतरला तो कारखाना सरकारने काढावा की शेठजींनी, या रूपात. नेहरूंनी भिलाईसाठी रशियाची मदत घेतली, रूरकेल्यासाठी पश्चिम जर्मनीची. त्याच वातावरणात १९६० साली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स, म्हणजे ‘एचओसी’, स्थापन झाली. मूलभूत रसायनांसाठी परदेशाकडे हात पसरावे लागू नयेत, हा हेतू. नायट्रोबेंझीन, नायट्रिक आम्ल बनवणाऱ्या या कारखान्यातच पुढे इस्रोसाठी नायट्रोजन टेट्रॉक्साइड, म्हणजे विकास इंजिनाला लागणारं तेच रसायन, तयार होऊ लागलं.

विकास इंजिन आलं कुठून? फ्रान्सच्या व्हायकिंग इंजिनावरून. १९७४च्या करारात इस्रोने पैसे मोजले नाहीत, मनुष्यबळ दिलं. इस्रोचे नंबी नारायणन आणि त्यांचे सहकारी तिकडे राबले आणि विद्या घेऊन परतले. अलिप्ततावाद म्हणजे नुसती भाषणं, असं म्हणणाऱ्यांनी हा करार जरूर अभ्यासावा.

जीएसएलव्हीच्या क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड इंधनावर चालणाऱ्या, इंजिनाची गोष्ट मात्र कडू. जानेवारी १९९१ मध्ये इंजिनं आणि तंत्रज्ञानासाठी ग्लावकॉसमॉस या सोव्हिएत संस्थेशी करार झाला. वर्षअखेर सोव्हिएत संघच उरला नाही. मे १९९२ मध्ये अमेरिकेने इस्रोवर निर्बंध लादले, १९९३ मध्ये रशियाने माघार घेतली. इंजिनं मिळाली, तंत्रज्ञान नाही. कारण सांगितलं गेलं क्षेपणास्त्रांचं. उडवण्याआधी अतिथंड इंधन भरत बसावं लागणारं क्षेपणास्त्र कोणता सेनापती मागेल? भारतीय क्रायोजेनिक इंजिनाला यश आलं ते जानेवारी २०१४ मध्ये.

मग जिंकलं कोण? बाजार म्हणावं, तर २०१७ साली केंद्राने एचओसीचे रसायनीतले तोट्यातले प्रकल्प बंद केले खरे. पण बरीचशी जमीन गेली बीपीसीएलला, म्हणजे पुन्हा सरकारी कंपनीलाच. आणि वाचवायचं ठरलं ते फक्त टेट्रॉक्साइडचं युनिट, तेही इस्रोकडे सोपवून. ताळेबंदाने त्याला वाचवलं नाही, गरजेने वाचवलं. पुढच्या सरकारी कारखान्याला टाळं लावताना नफा-तोट्याशेजारी आणखी एक प्रश्न लिहून ठेवावा: हा माल उद्या बाहेरून कोण देईल, आणि कोणाच्या दबावाखाली तो थांबवेल?