‘वेंधळा’ म्हणून हिणवलं जाणारं मूल

खो-खोचे गट पाडताना शेवटपर्यंत उरणारं मूल बहुतेक वर्गांत ठरलेलं असतं. बुटाची नाडी बांधायला त्यालाच वेळ लागतो, डब्यातलं वरण त्याच्याच शर्टावर सांडतं, त्याचं उतरवून होण्याआधी फळा पुसला जातो. अशा काही मुलांना डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर, म्हणजे डीसीडी असतो. डिस्प्रॅक्सिया या नावानंही तो ओळखला जातो. शाळकरी वयातल्या साधारण ५ ते ६ टक्के मुलांत तो आढळतो. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात दोन-तीन.

‘लक्ष दिलं तर जमेल!’
लक्ष तर ही मुलं इतरांपेक्षा जास्तच देतात. आपल्याकडून सवयीनं होऊन जाणारी हालचाल त्यांना टप्प्याटप्प्यानं मनात जुळवावी लागते. हा आळस नव्हे, आणि बुद्धी कमी असल्याचं लक्षण तर नव्हेच.

‘चिडवल्यानं मुलं खंबीर होतात.’
होत नाहीत. डीसीडी असलेल्या मुलांमध्ये चिंता आणि उदासी जास्त आढळते, आणि ‘मला काही येत नाही’ हे मत लहानपणीच पक्कं होऊ लागतं. संशोधक जॉन केर्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची मांडणी मला इथे फार महत्त्वाची वाटते. मनाचा त्रास थेट हालचालींच्या अडचणीतून येतोच असं नाही. तो बराचसा त्या अडचणीभोवती जे घडतं त्यातून येतो. हसतात म्हणून मूल मैदान टाळतं. मैदान टाळलं की सराव तुटतो, मित्रही तिथेच तुटतात, आणि पुढच्या वेळी हसायला आणखी कारण मिळतं. टोपणनाव ठेवणं, गटात न घेणं हाही छळच आहे. अशा मुलाची वही वर्गासमोर धरून ‘अक्षर बघा याचं’ म्हणणारे शिक्षकही त्यात आले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाचा मानसिक छळ करायला मनाई आहे.

‘मोठेपणी आपोआप सुटेल.’
अनेकांमध्ये अडचण मोठेपणीही राहते. हॅरी पॉटरची भूमिका करणारा डॅनियल रॅडक्लिफ यानं २००८ मध्ये आपल्याला सौम्य डिस्प्रॅक्सिया असल्याचं सांगितलं होतं.

‘भरपूर कौतुक करा, आत्मविश्वास येईल.’
पोकळ कौतुक मुलांना लगेच कळतं. आत्मविश्वास येतो तो एखादी गोष्ट खरोखर जमल्यावर. म्हणूनच ऑक्युपेशनल थेरपिस्ट मुलाला हवं तेच काम निवडून त्याचा सराव घेतात, मग ते सायकल असो की शर्टाची बटणं. शाळेनं करायची गोष्ट तर बिनखर्चाची आहे: गट कॅप्टननं नव्हे, शिक्षकांनी पाडावेत. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचा उल्लेख आहे. त्यामुळे प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मागता येतात.

घरी ‘तुला कुणी चिडवतं का?’ असं विचारलं तर उत्तर बहुधा ‘नाही’ येतं. त्यापेक्षा मधल्या सुट्टीत डबा कुणाबरोबर खाल्ला, कोणता खेळ खेळलास, हे विचारा. दिवसांमागून दिवस उत्तर ‘एकटाच’ किंवा ‘एकटीच’ असेल, तर वर्गशिक्षकांना भेटायला पालकसभेपर्यंत थांबू नका.