तळपायाचा बिंदू

ॲक्युपंक्चरमधल्या मूत्रपिंड-वाहिनीचा पहिला बिंदू तळपायावर असतो. पायाची बोटे आत वळवली की चवड्याच्या मागे एक खळगा पडतो. त्यातली सर्वांत खोल जागा म्हणजे हा बिंदू. दुसऱ्या-तिसऱ्या बोटांच्या बेचक्यापासून टाचेपर्यंतच्या रेषेचे तीन भाग केले, तर तो बोटांकडील पहिला भाग संपतो तिथे येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2008 च्या प्रमाणित यादीतल्या 361 बिंदूंपैकी हा एक.

चिनी परंपरेत तो मूर्च्छा, डोके दुखणे, चक्कर आणि निद्रानाश यांसाठी वापरतात. पुरावा मात्र तोकडा आहे. मूर्च्छा आल्यास बिंदू शोधत बसू नये, दवाखाना गाठावा. सुश्रुताने तळपायाच्या मध्यावर, मधल्या बोटाच्या रेषेत 'तलहृदय' हे मर्म सांगितले; पण ते जपण्याचे स्थान, टोचण्याचे नव्हे. रात्री काशाच्या वाटीने तळपाय घासण्याचा आपल्याकडचा रिवाज याच भागाला आराम देतो.

शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात रानात दारे धरून दमलेल्या पायांना अंगठ्याने मिनिटभर बेताचा दाब द्यायला हरकत नाही. मधुमेहाने तळपाय बधिर झाला असेल, भेग किंवा जखम असेल, तर दाबू नये. सुई तर घरी कधीच नाही. तळव्याची त्वचा जाड, टोचणे वेदनादायक आणि जंतुसंसर्गाची भीती मोठी. ॲक्युपंक्चरसाठी महाराष्ट्रात 2015 चा स्वतंत्र कायदा आहे. सुई टोचून घेण्यापूर्वी उपचारकाची नोंदणी विचारावी.