अंगणातील कडू झाडे आणि राखणीचा कुत्रा

धाराशिव जिल्ह्यातील लोहारा हा बालाघाटच्या पठारावरील तालुका. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूरसारखी येथील गावे नव्या जागी वसविण्यात आली आणि घरांभोवती मोकळे अंगण आले. अशा अंगणात कोणते झाड टिकावे, हे पुष्कळ वेळा पाणी आणि शेळ्या हीच दोघे ठरवितात. पाणी बेताचे, आणि कुंपण नसेल तर शेळी कोवळे रोप पाहता पाहता फस्त करते. कण्हेर, पिवळी बिट्टी व एरंड यांना पाणी थोडे पुरते आणि शेळी त्यांना सहसा तोंड लावीत नाही. म्हणून ती सुखाने वाढतात. परंतु ज्या विषामुळे ही झाडे शेळीपासून वाचतात, तेच विष त्यांच्या सावलीत झोपणाऱ्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

कण्हेरीचे पान, फूल, साल, मूळ व बी ही सर्वच विषारी आहेत. संस्कृतात तिला 'हयमारक' म्हणजे घोड्याला मारणारी असेही म्हणतात. अमरकोशात हे नाव आढळते. हे विष हृदयावर परिणाम करते. प्रथम लाळ गळते, ओकाऱ्या व जुलाब होतात. पुढे हृदयाचे ठोके मंद किंवा अनियमित पडू लागतात. पान वाळले तरी त्यातील विष जात नाही. हिरव्या पानाला नाक मुरडणारी गायसुद्धा कडब्यात मिसळलेले वाळके पान नकळत खाऊन जाते.

मोठा कुत्रा झाडपाल्याच्या वाटेला फारसा जात नाही. पिल्लाची गोष्ट निराळी. साधारणतः चौथ्या ते सहाव्या महिन्यात त्याचे दुधाचे दात पडून नवे येतात. त्या वेळी हिरड्या शिवशिवतात आणि पिल्लू वहाण, दोरी, काटकी, जे सापडेल ते चावीत बसते. काठी लांब फेकून ती कुत्र्याला आणावयास लावणे हा मुलांचा आवडता खेळ. पण ती काठी कण्हेरीची असेल तर खेळाचे संकट होते. बिट्टीच्या बियांनीही मुले खेळतात आणि खेळ संपला की त्या अंगणातच राहतात. त्यांतील विषही हृदयावरच आघात करणारे आहे.

एरंडाचा धोका अधिक फसवा होय. बियांतील 'रिसिन' नावाचे जहाल विष तेलात उतरत नाही, ते पेंडीत राहते. ही पेंड खत म्हणून फुलझाडांना घालतात. तिचा वास कुत्र्याला खाद्यासारखा वाटतो व तो आळे उकरून ती खातो. तिचा परिणाम काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनीही दिसतो. तोवर घरच्यांना पेंडीची आठवणही उरलेली नसते! बी अखंड गिळले गेले तर कठीण कवचामुळे काही वेळा निभावते. चावले गेले तर मात्र धोका मोठा.

असा प्रसंग आल्यास काही जण कुत्र्याला मिठाचे पाणी पाजून ओकविण्याचा यत्न करतात. हा उपाय घातक आहे, कारण फार मीठ हेही कुत्र्याला विषासारखेच बाधते. तोंडात राहिलेला पाला काढून टाकावा, कुत्र्याला पळवू नये आणि वेळ न दवडता गुरांच्या दवाखान्यात न्यावे. चावलेल्या फांदीचा तुकडा किंवा बी बरोबर घ्यावे, म्हणजे विष कोणते हे डॉक्टरांना चटकन कळते.